एकेचाळिसावी टोपली

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

काल दुपारी तो कोरमंगलात होता. डिमसम खात होता. म्हणजे जिवंत आहे!

सकाळी सव्वानऊला फोनवर दिसलं. राजसच्या खात्यावर नवा अभिप्राय. एकेचाळिसावा. आधीचे चाळीस मला पाठ आहेत. तो घर सोडून गेला त्याला आज एकोणीस दिवस झाले, आणि या एकोणीस दिवसांत रोज उठल्यावर मी आधी तेच बघते. पोटच्या मुलाने लिहिलेले हॉटेलांचे अभिप्राय! दुसरं काही बघायला ठेवलंच नाही त्याने. नंबर बंद. मेलला उत्तर नाही. मित्रांना काही माहीत नाही.

बेंगळुरूतलं सगळ्यात चांगलं डिमसम, म्हणजे टोपलीतून येणारे वाफवलेले चिनी पदार्थ, शोधायचं — पन्नास ठिकाणी खायचं, मग पहिला नंबर ठरवायचा — हा त्याचा दोन वर्षांचा उद्योग. कंपनीतल्या कामापेक्षा हे जास्त मन लावून करायचा. मला म्हणायचा, आई, एकदा चल ना. मला त्या दिवशी नेमकं कुठेतरी भाषण असायचं.

कालचा अभिप्राय इंग्रजीत आहे, नेहमीसारखा. वहीत मराठी करून ठेवते: "आवरण इतकं पातळ की आतली कोळंबी स्पष्ट दिसते. बघणाऱ्याला बरं वाटतं. कोळंबीला कुणी विचारलेलं नाही."

दहा वेळा वाचलं. ते मला उद्देशून आहे.

४ नोव्हेंबर

मंगळवार. जे झालं ते मी अजून कागदावर उतरवलेलं नाही. आज उतरवते.

१२ ऑक्टोबरला इथल्या मराठी मंडळाच्या सभागृहात माझं व्याख्यान होतं. विषय मीच निवडला होता — मनाचे आजार आणि आपली लाज. तीनशे माणसं. नागपूरला कॉलेजात तीस वर्षं मी मुलांना वक्तृत्व शिकवलं, आणि पहिल्याच तासाला सांगायचे: उदाहरण स्वतःच्या घरातलं द्या. दुसऱ्याच्या घरातलं उदाहरण ही चहाडी असते. स्वतःच्या घरातलं दिलं की लोक विश्वास ठेवतात. त्या नियमावर किती मुलांनी ढाली जिंकल्या!

मी उदाहरण दिलं. म्हटलं, माझा एकोणतीस वर्षांचा मुलगा रोज सकाळी मनाच्या आजाराची गोळी घेतो. एप्रिलमध्ये एका पहाटे तो आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेला होता, आणि मी त्याचा हात धरून त्याला खाली आणलं. हे सांगताना मला लाज वाटत नाही. तुम्हाला का वाटावी?

सभागृह उभं राहिलं. पुढच्या रांगेतल्या बायका रडत होत्या. मी — खरं लिहायचं तर — मी आनंदात होते.

त्या चार मिनिटांचा व्हिडिओ दोन दिवसांत सगळीकडे गेला. राजसच्या ऑफिसात पुण्याची, मुंबईची कितीतरी मुलं आहेत. मंगळवारी संध्याकाळी तो घरी आला. बूटही काढले नाहीत. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडला असता तर मी उत्तर दिलं असतं, मला येतं ते. तो एवढंच म्हणाला, "तू मला विचारलं नाहीस."

बुधवारी सकाळी तो नव्हता. फ्रिजवर चिठ्ठी — शोधू नकोस. राजीनामा त्याने मेलनेच पाठवला होता.

पोलीस ठाण्यात सांगितलं, सज्ञान आहे, स्वतःहून गेलाय, चिठ्ठी लिहून गेलाय. नोंद करून घेतली. मी तिथेही भाषण केलं. ते शांतपणे ऐकून घेतलं गेलं.

मला गच्चीची भीती वाटते. आमच्याच नाही, शहरातल्या प्रत्येक गच्चीची. या मारतहळ्ळीत बसमधून जाताना मी इमारतींचे मजले बघते.

५ नोव्हेंबर, बुधवार

कोरमंगलाला गेले. हॉटेलचं नाव जास्मिन बास्केट. दुपारची वेळ, सगळी विशी-तिशीतली माणसं, गळ्यात ऑफिसचे पट्टे. साडीतली मी एकटी.

व्यवस्थापकाला फोटो दाखवला. रविवारी दुपारी आला होता, म्हटलं. उंच, चष्मा, चौकड्यांचा शर्ट, पाठीवर बॅग. त्याने फोटो नीट बघितला, मग दाराकडे हात केला. म्हणाला, मॅडम, बाहेर रांग बघा. सगळे तेच आहेत.

रांग बघितली. खरंच सगळे तेच होते.

मग बसले. त्याने खाल्लं ते मागवलं. बांबूची लहानशी टोपली, झाकण काढलं की तोंडावर वाफ. आत चार. पांढरट, आरपार दिसणारी, एका बाजूला चुण्या घातलेली. उकडीच्या मोदकाच्या कळ्या घालताना माझी आई म्हणायची तशा — अगदी एकसारख्या. किती हातांनी किती वर्षं घातल्या असतील! एक तोंडात टाकलं आणि लाज वाटली, कारण फार चांगलं होतं. मुलगा सापडत नाही आणि आईला चव लागते.

पलीकडच्या टेबलावर चार मुली होत्या. एकीने दुसरीच्या कपात चहा ओतला, दुसरीने बोलणं न थांबवता टेबलावर दोन बोटं टेकवली, टक टक. वाढणाऱ्या बाईला मी विचारलं. म्हणाली, हे आभार मानणं आहे. बोलणं मोडायला नको म्हणून बोटांनी मानायचे.

चारांतली दोन मी खाल्ली. ही टोपली एकट्याने खायची नसतेच. मग तो एकटा का गेला? की कुणाबरोबर होता? एकटा असेल तर भीती, बरोबर कुणी असेल तर — ते कोण?

७ नोव्हेंबर

काही नाही. दोनदा, पहाटे आणि दुपारी, मनात आलं की तो अभिप्राय निरोपाचा होता.

९ नोव्हेंबर, रविवार

बेचाळिसावा आला! फ्रेझर टाउन. तांदळाच्या पातळ गुंडाळ्या, वर गोडसर सोया. "तीन मिनिटांत खायच्या. चौथ्या मिनिटाला हे रबर होतं. माझंही तसंच होतं, पण सकाळी."

सकाळी. डॉक्टर म्हणाले होते सकाळची वेळ जड जाते. म्हणजे अजून जड जातेय.

तशीच रिक्षा करून गेले. तिथेही कुणाला आठवत नाही. गुंडाळ्या तीन मिनिटांत खाल्ल्या. घड्याळ लावून.

१० नोव्हेंबर

राजसच्या डॉक्टरांना फोन केला. एकच प्रश्न विचारला — तो तुमच्याकडे येऊन गेला का? गोळ्या नेल्या का? माझ्या हिशेबाने त्याच्याजवळ पंधरा तारखेपर्यंतच पुरतील.

ते म्हणाले, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही.

मी म्हटलं, मी त्याची आई आहे. म्हणाले, हो, म्हणूनच हळू आवाजात सांगतोय.

फोन ठेवला आणि अर्धा तास रागाने घरभर फिरत होते. अधिकार, नियम, बंद दारं — याच्याविरुद्ध मी आयुष्यभर बोलले! रात्रीचं जेवण गेलं नाही. मग लक्षात आलं की या शहरात राजसचं एक गुपित नीट सांभाळणारा माणूस आहे, आणि त्याला मी अर्धा तास शिव्या देत होते.

१५ नोव्हेंबर

आज गोळ्या संपल्या असतील.

१६ नोव्हेंबर, रविवार

आजचं तरी क्रमाने लिहिते.

सकाळी त्रेचाळिसावा आला. यशवंतपूर. घाऊक बाजाराच्या कोपऱ्यावर, पिंपळाखाली, पेमा नावाच्या बाईची गाडी. "मोमोची गाडी समजून लोक पुढे जातात. ही बाई कोलकात्यात एका चिनी कुटुंबाच्या भटारखान्यात बारा वर्षं होती. तिचं सिउ माय खा, वरून उघडं असतं ते. वाफ सरळ झाडात जाते. पिंपळ जेवतो."

पिंपळ जेवतो! असं लिहिणारा माणूस बरा असतो. मी अकरा वाजता निघाले. एकटीने एवढं लांब जाऊ नका म्हणून रत्नाक्का बरोबर आली. खालच्या मजल्यावरची, हिच्या घराण्याला या शहरात तीनशे वर्षं झाली, मराठी बोलते तिच्यात अर्धं कानडी. बस, मग मेट्रो, मग उन्हात चालणं. मी पुढे पुढे जात होते.

"अय्यो, स्वल्प हळू चला की मालनताई," ती मागून म्हणाली, "पोरगा काय पळून चाललाय?" मग थांबली. "म्हंजे — पळालाच आहे. सरी, चला."

तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी सोडलं नसतं. हसूच आलं मला.

कोपरा सापडला. पिंपळ नव्हता. गाडीही नव्हती. रुंद केलेला रस्ता आणि नवा दुभाजक. मी तीन वेळा फोनमध्ये वाचलं, तीन वेळा कोपरा बघितला. रत्नाक्काने एका कांदेवाल्याला कानडीत विचारलं. त्याने आतल्या गल्लीकडे बोट दाखवलं.

गल्लीत पेमाचं दुकान. चार बाकं, पुढे उंच वाफाळणारं भांडं. पन्नाशीची बाई, बुटकी, हसरी. हिंदीत बोलली. फोटो बघितल्याबरोबर म्हणाली, अरे, हा! हा तर टोपली उघडायच्या आधी चष्मा काढून ठेवायचा. बाकीच्यांचा चष्मा धुरकटतो आणि मग ते पुसत बसतात.

मी बाकावर बसले. म्हटलं, कधी आला होता? या आठवड्यात?

ती म्हणाली, या आठवड्यात कुठला. तो गाडीवर यायचा, एका मुलीबरोबर. गाडी तर मार्चमध्येच गेली. झाड तोडलं, रस्ता मोठा केला. मग मी हे दुकान घेतलं.

दुकानात एकदाही नाही? मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तिने हातातलं काम ठेवलं आणि माझ्याजवळ बसली. म्हणाली, ताई, तोच माझ्या मागे लागला होता, दुकान घ्या, दुकान घ्या म्हणून. इथे आला असता तर आधी भिंतींना हात लावून बघितला असता.

तिने आम्हाला खायला घातलं. सिउ माय. आत डुकराचं मांस. मी वीस वर्षं व्यासपीठावरून सांगतेय की कुणी कुणाच्या ताटात डोकावू नये, पण माझ्या स्वतःच्या ताटात ते कधी आलं नव्हतं. आज आलं. खाल्लं. रत्नाक्काने टोपलीकडे बघितलं आणि म्हणाली, "हे आपले मोदकच की. सारण तेवढं पापाचं." आणि दोन उचलले.

मेट्रोत कळलं मला. उभी होते, दांडी धरून, आणि कळलं. त्याने काल तिथे काही खाल्लं नव्हतं. त्या झाडाखाली शेवटचं कुणी खाल्लं ते मार्चमध्ये. हे अभिप्राय जुने आहेत. सगळे जुने. ते आता कुणीतरी टाकतंय.

म्हणजे १५ ऑक्टोबरनंतरचा त्याचा एकही दिवस माझ्या हातात नाही. एकही नाही. पहिल्याच दिवशी काही झालं असेल तर मी दोन आठवडे भुताच्या मागे जेवत फिरले.

१७ नोव्हेंबर

"एका मुलीबरोबर." भव्या. त्याच्या ऑफिसातली, कोरमंगलाच्या एका पीजीत राहते. १६ ऑक्टोबरला तिला फोन केला होता तेव्हा म्हणाली, मला माहीत नाही, आंटी. आज चार वेळा केला. उचलला नाही. निरोप टाकला: झाड मार्चमध्ये तोडलंय.

दहा मिनिटांत उत्तर आलं. बुधवारी या.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पीजीच्या बाहेर बाकावर बसलो. बारीक मुलगी, मोठे डोळे, नखं खाल्लेली. मी रात्रभर तयारी केली होती — कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचं, कुठला शब्द शेवटी ठेवायचा. एक शब्दही लागला नाही. तिनेच सगळं सांगितलं, हिंदीत, खाली बघत.

राजसने तिला त्याची वही आणि खात्याचा पासवर्ड दिला होता. जूनमध्येच. तो आजारी असला की ती त्याच्या नोंदी टाकायची. वहीत न टाकलेल्या नऊ होत्या, सगळ्या जानेवारी ते मार्चमधल्या. तो गेला तेव्हा तिलाही काही कळवलं नाही. तिचाही नंबर त्याने बंद केलाय.

मग का टाकलेस? मी विचारलं. माझी समजूत घालायला?

नाही, म्हणाली. तुम्ही बघताय हे मला माहीतच नव्हतं. तो बघत असेल म्हणून टाकले. त्याला कुणी त्याच्या नोंदीत लुडबूड केलेली चालत नाही. एकदा मी एक शब्द बदलला होता तर दोन दिवस बोलला नव्हता. मला वाटलं, तो चिडेल. चिडून पुसेल. पुसलं तर कळेल.

किती टाकलेस?

तीन. अजून एकही पुसलेला नाही.

समोरून स्कूटर जात होत्या. तिची भीती आणि माझी भीती एकच आहे, आणि ती माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आहे, आणि तिच्याजवळ ती सांगायला रत्नाक्काही नाही.

मी विचारलं, तो कोळंबीचा अभिप्राय — कोळंबीला कुणी विचारलं नाही — तो कधीचा?

तिने वही काढली. ९ फेब्रुवारी. राजसचं अक्षर. शेजारी त्याने कोळंबीचं चित्र काढलं होतं, मिशा लांबलचक. माझ्या भाषणाच्या आठ महिने आधीचं. ते माझ्याबद्दल नव्हतंच. कोळंबीबद्दल होतं. मी दहा वेळा वाचून स्वतःला त्यात बसवलं होतं!

आणि मग मी ते बोलले. अजून सहा उरलेत ना, म्हटलं. ते राहू दे. आपण नवा लिहू. मी सांगते, तू इंग्रजीत कर. त्याच्या खात्यावर, त्याच्याच भाषेत — की आई चुकली, घरी ये. तो वाचेल. लोकही वाचतील. कुणी बघितला असेल तर —

भव्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आंटी, पुन्हा त्याच्या नावाने बोलणार?"

आयुष्यात मला अडवणारे पुष्कळ भेटले. सभा उधळायला आलेले, काळे झेंडे घेऊन आलेले. प्रत्येकाला मी उभ्या उभ्या उत्तर दिलंय. या मुलीपुढे मी बाकावर बसूनच राहिले. मग तीच म्हणाली, मीही तेच केलं ना.

ठरलं. आता काही टाकायचं नाही. टाकलेले तीन पुसायचेही नाहीत. पुसले तर तो बघतोय की नाही हे कळण्याची एकच खूण जाईल. नुसतं बघत राहायचं.

निघताना मी तिला जवळ घेतलं. हाडं हाताला लागली. विचारलं, जेवतेस का? म्हणाली, त्याच्याशिवाय डिमसम खाल्लं नाही. बाकी खाते.

२१ नोव्हेंबर

सकाळी सहाला बघितलं. तिन्ही आहेत. नऊला बघितलं. आहेत. दुपारी एकला. चारला. हे तीन अभिप्राय तिथे असणं ही आता जगातली सगळ्यात भीतीची गोष्ट आहे, आणि पंधरा दिवसांपूर्वी यांच्याच जिवावर मी जेवत होते.

२२ नोव्हेंबर

आहेत.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मंडळाच्या गिरीराजला फोन केला. तोच कार्यक्रमांचं बघतो, व्हिडिओही तोच चढवतो. म्हटलं, माझं ते भाषण काढून टाक.

त्याला धक्का बसला. म्हणाला, ताई, चाळीस हजार लोकांनी बघितलंय ते. खाली काय काय लिहिलंय वाचलंत का? मग वाचूनच दाखवायला लागला. धारवाडची एक बाई — भाषण ऐकल्यावर तिचा मुलगा सहा महिन्यांनी तिच्याशी बोलला. कुणी निवृत्त मास्तर — पहिल्यांदा डॉक्टरकडे गेले. दहा-बारा वाचून दाखवले. म्हणाला, यातलं एक जरी खरं असेल तरी काढायचं कसं?

मी ऐकलं सगळं. माझा त्या भाषणावर आजही विश्वास आहे. लाजेने माणसं मरतात, हे मी उद्याही बोलेन, परवाही बोलेन. शब्दांत चूक नव्हती. चूक एवढीच की त्यातला जीव माझा नव्हता. गच्ची माझी नव्हती. ती पहाट माझी नव्हती. मी घरातलं उदाहरण दिलं, पण घरात दोन माणसं राहत होती.

हे सगळं त्याला सांगितलं असतं तर तेही एक भाषण झालं असतं. म्हटलं, गिरीराज, काढ. कारण विचारू नकोस.

लोक विचारतील ना ताई, काय सांगू?

काही सांगू नकोस.

संध्याकाळी गेला व्हिडिओ. मी तिथे जाऊन बघितलं — करड्या चौकटीत उपलब्ध नाही असं लिहिलंय. त्या धारवाडच्या बाईची मी मनात क्षमा मागितली.

राजसला कळणार नाही. तो कुठेच नसेल तर नाहीच कळणार. तरी काढायलाच हवं होतं.

२५ नोव्हेंबर

आहेत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पोलीस ठाण्यातून फोन आला. नुसती चौकशी होती — मुलाचा काही पत्ता? नाही म्हटलं. माणूस चांगला होता, दोन वाक्यं जास्तच बोलला. फोन ठेवल्यावर अर्धा तास कानात शिटी वाजत होती. भाषणाच्या आधी छातीत धडधडतं ते वेगळं असतं. ते पुढे ढकलतं. हे जमिनीत ढकलतं.

भव्याला कळवलं, काही नाही, घाबरू नकोस. ती म्हणाली, आंटी, तुमचं नाव स्क्रीनवर आलं की मी आधी भिंत धरते. म्हणून आम्ही ठरवलंय, निरोप टाकताना पहिला शब्द "काही नाही" असाच टाकायचा. मग पुढचं.

३० नोव्हेंबर, रविवार

पेमाकडे गेलो, भव्या आणि मी. का ते माहीत नाही. पेमाने काही विचारलं नाही, भांड्यावरून टोपल्या उतरवून पुढे ठेवल्या. भव्याने चहा ओतला. मी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं, आणि टेबलावर दोन बोटं टेकवली. ती हसली. महिन्याभरात कुणाचं हसणं मी एवढं जवळून बघितलं नव्हतं.

मग तिने सांगितलं की ती डिसेंबरअखेर म्हैसूरला घरी जाते आहे, कायमची. नोकरी सोडली. म्हणाली, या शहरात प्रत्येक हॉटेलपुढे मला त्याची बॅग दिसते. मी तिला थांब म्हणू शकले नाही. कुठल्या तोंडाने?

घरी येऊन बघितलं. तिन्ही आहेत.

२ डिसेंबर, मंगळवार

आहेत. आज सात वेळा बघितलं. उद्यापासून दिवसात तीनच वेळा बघायचं.

३ डिसेंबर, बुधवार

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस — नाहीत. त्याचे स्वतःचे चाळीस जिथल्या तिथे आहेत.

भव्याला निरोप टाकला: काही नाही. तू पुसलेस का?

तिचा उलट फोन आला. तिने हात लावलेला नाही. आणि आता तिला खात्यात जाताही येत नाही, पासवर्ड बदललाय. पलीकडे ती रडत होती. मी फोन कानाला धरून बसले.

आठ वाजता रत्नाक्का दारात. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, काय झालं, बातमी आली काय?

काही नाही म्हटलं, आणि तिच्यासाठी चहा टाकला.